सुब्बाराव यांची पिवळी गोळी

सांगोल्याहून रक्ताच्या कर्करोगासाठी बार्शी, सोलापूर किंवा मुंबईच्या फेऱ्या मारणाऱ्या कुटुंबांच्या औषधांच्या पिशवीत अनेकदा एक लहान पिवळी गोळी असते. मेथोट्रेक्सेट. लहान मुलांच्या रक्तकर्करोगात तर ती नेहमीची. या गोळीमागे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव आहे.

जन्म १८९५ चा, आंध्रातल्या भीमावरमचा. मॅट्रिक तिसऱ्या प्रयत्नात सुटली. दोन भाऊ संग्रहणीने थोड्याच दिवसांच्या अंतराने गेले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात गांधीजींच्या हाकेला ओ देऊन खादी घातली, ती इंग्रज प्राध्यापकांना खुपली आणि एमबीबीएसऐवजी एलएमएस ही दुय्यम पदवी हाती पडली. १९२२ मध्ये ते बोस्टनला पोचले. पोटासाठी रुग्णालयात रात्रपाळीने रुग्णांची भांडी धुतली. पुढे हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत रक्त-लघवीतील फॉस्फरस मोजण्याची रीत बसवली. ती आजही दोघांच्या नावाने ओळखली जाते.

१९४० मध्ये ते लेडर्ले कंपनीत गेले. भावांना नेणारी संग्रहणी डोक्यातून गेली नव्हती. या कथेचा एक धागा मुंबईचा आहे. १९२८ पासून लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर तिथल्या गिरणीकामगार गरोदर बायांचा पंडुरोग अभ्यासत होत्या. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांना दिसले. अर्कातला तो घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. सुब्बाराव यांच्या चमूने १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवले.

आता खरी गंमत. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना वाटले, की फॉलिक ॲसिडच्या जातीची औषधे दिल्यावर मुलांचा रक्तकर्करोग उलट जोर धरतो. मग पेशींची ही रसदच तोडली तर? लेडर्लेने फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण पेशींना फसवणारी औषधे बनवून दिली. त्यातल्या ॲमिनोप्टेरिनने १६ पैकी १० मुलांना उतार पडला. तो टिकला मात्र नाही. हा निबंध जून १९४८ मध्ये छापून आला. ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले, वयाच्या ५३ व्या वर्षी. भारतात ते परतले नाहीत, पण अमेरिकेचे नागरिकत्वही घेतले नाही.

उतार टिकवण्याची युक्ती नंतर सापडली: एकटे औषध नको, जोडी हवी. मेथोट्रेक्सेट पेशीला प्युरीन हा कच्चा माल स्वतः बनवू देत नाही. मग पेशी बाहेरून मिळेल ते घेते आणि त्याच वाटेने ६-मर्कॅप्टोप्युरीन हे दुसरे औषध आत शिरून अधिक घाव घालते. म्हणजे पहिले दुसऱ्यासाठी रान मोकळे करते. हीच जोडगोळी आजही मुलांच्या दीर्घ उपचारात असते: मर्कॅप्टोप्युरीन रोज, मेथोट्रेक्सेटची गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच. ही साप्ताहिक गोळी चुकून रोज घेतली गेली, तर तोंड सोलते, रक्तपेशी घसरतात, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून तिचा वार चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्यावा.