खानदेशचे साने गुरुजी

अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांचे गाव. तेथे १९२४ साली प्रताप हायस्कुलात एक कोकणी मास्तर आले. नाव पांडुरंग सदाशिव साने, जन्म पालगडचा, २४ डिसेंबर १८९९. छात्रालयातील पोरांची ते आईच झाले. त्यांच्या खोल्या झाडाव्या, कपडे धुवावे आणि वर ‘विद्यार्थी’ मासिकही चालवावे. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीता सांगत. ती अठरा प्रवचने गुरुजींनी उतरून घेतली, म्हणून आपल्या हाती लागली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली.

पण माळकऱ्यांनी त्यांचे ऋण मानावे ते पंढरीसाठी. चोखोबा महाद्वाराबाहेर राहिले, त्यांचे बांधवही शेकडो वर्षे बाहेरच. गुरुजींना हे साहवेना. १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणास बसले. विरोध करणारांत टाळकरीही होते, हे विसरू नये. दहाव्या दिवशी मंदिर खुले करण्याचे ठरले, तेव्हाच त्यांनी अन्न घेतले. ११ जून १९५० रोजी त्यांचा देह पडला.

माउलींनो, विठुरायाच्या रांगेत आज पुढे कोण, मागे कोण, हे कुणी पुसत नाही. त्यामागे या मास्तराचे दहा उपवास आहेत.