चार ऑपरेशनं झाली, तरी जॉन केनेडींची पाठ का दुखत राहिली?

जॉन एफ. केनेडी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो हसतमुख, देखणा, तरुण राष्ट्राध्यक्ष. १९६० ची निवडणूक जिंकली तेव्हा त्यांचं वय होतं फक्त ४३. तरुणपणा आणि जोश यांवरच त्यांची सगळी प्रतिमा उभी होती. पण कॅमेरे नसताना हाच माणूस कुबड्या घेऊन चालायचा. कधीकधी तर वाकून पायात मोजा घालणंही त्यांना जमायचं नाही.

वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांच्या पाठीवर चार ऑपरेशनं झाली होती. तरी दुखणं गेलं नाही.

सुरुवात कुठून झाली?

केनेडींचा जन्म १९१७ चा. हार्वर्डमध्ये शिकत असताना फुटबॉल खेळताना पाठीला मार बसला आणि तिथून हे दुखणं मागे लागलं. १९४१ मध्ये ते लष्करात भरती व्हायला गेले, तर पाठीमुळेच त्यांना नाकारलं गेलं. मग वडिलांच्या ओळखीने नौदलात प्रवेश मिळाला.

२ ऑगस्ट १९४३ च्या रात्री सॉलोमन बेटांजवळ एका जपानी विनाशिकेने त्यांच्या पीटी-१०९ या छोट्या बोटीचे दोन तुकडे केले. १३ पैकी दोघे जण गेले. केनेडींनी भाजलेल्या एका सहकाऱ्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरला आणि त्याला ओढत, कित्येक तास पोहत एक बेट गाठलं. ते हिरो झाले, पण आधीच दुखरी असलेली पाठ आणखी बिघडली.

पहिलं ऑपरेशन : १९४४

कण्यातल्या दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचीक गादी असते. ती फाटून बाहेर आली की शेजारून पायाकडे जाणारी नस दाबली जाते आणि कंबरेपासून पायापर्यंत कळ जाते. आपण याला 'गादी सरकली', 'नस दबली' किंवा सायटिका म्हणतो. हे दुखणं गादीमुळे होतं आणि ऑपरेशन करून दबाव काढता येतो, हे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या बोस्टनच्या दोन सर्जननी १९३४ मध्ये दाखवून दिलं. केनेडींचं ऑपरेशन झालं तेही बोस्टनमध्ये, बरोबर दहा वर्षांनी.

जून १९४४ मध्ये न्यूरोसर्जन जेम्स पॉपेन यांनी त्यांची पाठ उघडली. पण नसेवर ठळकपणे आलेली गादी तिथे नव्हतीच. मिळाला तो गादीचा जरा जास्तच मऊ झालेला भाग. तो काढला, पण दुखणं परत आलं.

इथेच खरी मेख आहे. नसेवरचा दबाव काढण्याचं ऑपरेशन दबाव असेल तरच काम करतं. दुखणं स्नायूंचं किंवा सांध्याचं असेल, तर गादी काढून ते जात नाही. त्या काळी एमआरआय नव्हता. आत नेमकं काय आहे, हे बऱ्याचदा पाठ उघडल्यावरच कळायचं.

दुसरं ऑपरेशन : जिवावर बेतलं

१९४७ मध्ये त्यांना ॲडिसन हा आजार असल्याचं निदान झालं. यात मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी पुरेसे हार्मोन बनवत नाहीत, त्यामुळे मोठ्या ऑपरेशनचा ताण शरीराला पेलत नाही. १९५४ मध्ये सिनेटर असलेले केनेडी कुबड्यांवर आले होते. काही डॉक्टरांनी आणि वडिलांनीही ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. केनेडींनी मात्र धोका पत्करायचं ठरवलं.

२१ ऑक्टोबर १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये फिलिप विल्सन यांनी कंबरेच्या खालच्या भागात धातूची पट्टी बसवून हाडं एकमेकांना जोडली. याला फ्यूजन म्हणतात. पण जंतुसंसर्ग झाला आणि केनेडी कोमात गेले. कॅथलिक रिवाजाप्रमाणे मरणासन्न माणसासाठीचा शेवटचा विधीही झाला. त्यातून ते वाचले, पण जखम भरेना. फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा ऑपरेशन करून ती पट्टी काढावी लागली. चौथ्यांदा १९५७ मध्ये पाठीत साठलेला पू काढला. म्हणजे चारपैकी शेवटची दोन ऑपरेशनं दुसऱ्या ऑपरेशनचे परिणाम निस्तरण्यासाठीच झाली!

याच अंथरुणावरच्या काळात 'प्रोफाइल्स इन करेज' हे पुस्तक तयार झालं आणि १९५७ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं.

आराम कशाने पडला?

१९५५ पासून डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल त्यांच्या दुखऱ्या स्नायूंमध्ये बधिर करणारी इंजेक्शनं देऊ लागल्या. केनेडींची प्रसिद्ध झुलती खुर्चीही त्यांच्याच सल्ल्याची. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर होणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पण इंजेक्शनचा असर उतरला की दुखणं पुन्हा हजर.

१९६१ च्या शेवटी डॉ. हान्स क्राउस आले. त्यांनी ना सुरी घेतली, ना सुई. कमजोर झालेल्या पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंसाठी व्यायाम सुरू केला, तोही आठवड्यातून तीनदा, व्हाइट हाउसमध्येच. काही महिन्यांत केनेडींना बराच फरक पडला.

कंबरपट्टा मात्र सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्येही त्यांनी तो घट्ट बांधला होता. पहिली गोळी लागल्यावर ते खाली वाकले नाहीत, ते या पट्ट्यामुळेच, असं काही डॉक्टरांचं मत आहे. दुसरी गोळी डोक्यात लागली.

आज काय बदललंय?

आज एमआरआयमध्ये दबलेली नस दिसते. मायक्रोडिस्केक्टॉमीत छोट्या छेदातून, सूक्ष्मदर्शकाखाली गादीचा तेवढाच तुकडा काढतात. कण्याची नळीच अरुंद झाली असेल तर लॅमिनेक्टॉमीत मागचं हाड काढून नसांना जागा करून देतात. मणका अस्थिर असेल तर फ्यूजन करतात.

पण नियम तोच आहे. एमआरआयमध्ये दिसणारी दबलेली नस आणि पायात जाणारी कळ, दोन्ही जुळले तरच ऑपरेशनचा फायदा होतो. बऱ्याच जणांची सायटिका काही आठवड्यांत औषधं आणि व्यायामानेच कमी होते. मात्र पायातली ताकद कमी होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.