एक्सप्लेनर : पृथ्वी शेषनागाच्या डोक्यावर की अधांतरी? भास्कराचार्यांनी काय सांगितलं होतं?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहत आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब असतील. लेझरचा किरण सरळ जातो, पण पृथ्वी गोल आहे. त्यामुळे ४ किलोमीटरवर जमीन त्या सरळ रेषेच्या सुमारे सव्वा मीटर खाली जाते. हा फरक बांधकामात धरावाच लागतो.

पुराणांतलं चित्र वेगळं आहे. तिथं पृथ्वी सपाट, मधोमध मेरू पर्वत आणि सगळा भार शेषनागाच्या डोक्यावर. दोन्हींचा मेळ बसतो का? महाराष्ट्रातल्या एका गणितज्ञानं १२व्या शतकातच हा प्रश्न हाताळला होता.

कोण होते भास्कराचार्य?

त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४चा. गाव सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जलविड. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. पृथ्वीची चर्चा गोलाध्यायात आहे.

पृथ्वीला आधार कशाचा?

पृथ्वीला आधार मानला, तर त्या आधारालाही दुसरा आधार लागतो. ही साखळी संपत नाही. शेवटी कुणीतरी स्वतःच्या शक्तीनं टिकून आहे, असं मानावंच लागतं. मग ती शक्ती थेट पृथ्वीतच का मानू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. जड वस्तूंना पृथ्वी स्वतःकडे ओढते, म्हणून त्या पडताना दिसतात. तिच्याभोवती सगळीकडे सारखंच आकाश आहे, तेव्हा ती स्वतः पडणार कुठे?

मग ती सपाट का दिसते?

परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, हे त्यांचं उत्तर. पृथ्वीचा परीघ त्यांनी ४,९६७ योजनं दिला. तो काढायची रीतही सांगितली : उज्जैन विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, म्हणून तेवढ्या अंतराला १६ नं गुणायचं.

सगळं बरोबर होतं का?

नाही. त्यांची पृथ्वी स्थिर होती आणि ग्रह तिच्याभोवती फिरत. ती स्वतःभोवती फिरते, हे आर्यभटांनी ४९९ मध्येच मांडलं होतं. पृथ्वीच्या ओढीची कल्पना ब्रह्मगुप्तांकडेही आहे. चंद्र आणि ग्रहांनाही लागू पडणारं गणिती सूत्र न्यूटननं १६८७ मध्ये दिलं. म्हणून न्यूटनच्या आधीच गुरुत्वाकर्षणाचा नियम सापडला होता, हा व्हॉट्सॲपवरचा दावा अर्धाच खरा.

भास्कराचार्यांनी पुराणं पूर्ण नाकारलीही नाहीत. मेरू त्यांनी उत्तर ध्रुवावर ठेवला. ग्रहण सावलीमुळे होतं हे सांगताना राहूला त्या सावलीतच जागा दिली. पण मोजमाप आणि पुराणातलं वर्णन जुळलं नाही, तिथं त्यांनी मोजमाप धरलं.

पुढे काय झालं?

११८३ मध्ये, ६९व्या वर्षी, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. नातू चांगदेव यांनी यादव राजा सिंघणाच्या काळात चाळीसगावजवळ पाटण इथं त्यांचे ग्रंथ शिकवणारा मठ काढला. तिथल्या शिलालेखात त्याची नोंद आहे.

आज स्वतः कसं पडताळाल?

ध्रुवतारा हिंगोलीतून क्षितिजापासून सुमारे २० अंश वर दिसतो, दिल्लीतून सुमारे २९ अंश. उत्तरेला जाल तसा तो वर चढतो, कारण पायाखालची जमीन गोल आहे.