विहिरीच्या पाण्यातील जीव : फर्डिनांड कोन

उन्हाळ्याच्या अखेरीस तलावातले पाणी कमी होते. त्या दिवसांत कधी कधी नळाच्या पाण्याला मातीसारखा वास येतो. पाणी दिसायला स्वच्छ असते; गाळून घेतले तरी वास राहतोच. मग घरात बोलणी बसतात, की माठ नीट घासला नाही. बिचाऱ्या माठाचा त्यात काही दोष नसतो. हा वास बहुतेक वेळा पाण्यात वाढणाऱ्या शेवाळाचा आणि जिवाणूंचा असतो. शेवाळ म्हणजे तुम्ही घरी जिला काई म्हणता तीच. पिण्याच्या पाण्यातील अशा सूक्ष्म जीवांचा ज्यांनी सुरुवातीच्या काळात नेटाने अभ्यास केला, त्यांत फर्डिनांड कोन हे प्रमुख होते.

कोन यांचा जन्म २४ जानेवारी १८२८ रोजी ब्रेस्लाव शहरात झाला. ते शहर तेव्हा प्रशियाच्या राज्यात होते. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्सवाफ असे आहे. घराणे ज्यू होते. वडील व्यापारी होते. मुलगा विलक्षण हुशार होता. पण लहानपणीच त्याला कमी ऐकू येऊ लागले आणि त्यामुळे अभ्यासात तो काही काळ मागे पडला. तरीही लहान वयातच तो विद्यापीठात दाखल झाला.

खरी अडचण पुढेच होती. वनस्पतिशास्त्र त्याला मनापासून आवडे. पण ब्रेस्लाव विद्यापीठात त्याला पदवीची परीक्षा देता येईना. बुद्धी कमी होती म्हणून नव्हे, तर तो ज्यू होता म्हणून! अखेर त्याने आपले शहर सोडले आणि तो बर्लिनला गेला. तेथे १८४७ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने डॉक्टरेट मिळवली.

पदवी घेऊन कोन आपल्या गावी परतले. वडिलांनी त्यांना एक फार महागडा सूक्ष्मदर्शक घेऊन दिला. व्यापारी माणसाने असा खर्च करावा, हे मला विशेष वाटते. त्या सूक्ष्मदर्शकाखाली कोन शेवाळाचे थेंब पाहू लागले.

१८५२ च्या सुमारास ब्रेस्लावमध्ये कॉलऱ्याची साथ होती. कोन यांनी शहरातील विहिरींचे पाणी तपासायला घेतले. कॉलऱ्याचे कारण त्यांना सापडले नाही. परंतु दुसरीच एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. चांगल्या पाण्यात एका प्रकारचे जीव असतात आणि घाण कुजलेल्या पाण्यात दुसऱ्याच प्रकारचे. म्हणजे पाण्यात कोण राहते हे पाहिले, तर पाणी कसे आहे ते कळते!

१८७० साली त्यांनी ब्रेस्लावच्या विहिरीतील एका धाग्यासारख्या जिवाणूचे वर्णन केले आणि त्याला क्रेनोथ्रिक्स असे नाव दिले. हा जिवाणू लोह असलेल्या पाण्यात वाढतो. त्याच्या धाग्यांवर लोहाचा तपकिरी थर बसतो, आणि हे धागे नळात गोळा होऊन नळ तुंबवतात. धागे मरून कुजले की पाण्याला घाण वास येतो व चव बिघडते. पुढे काही वर्षांतच बर्लिन शहराच्या पाण्यात हाच जिवाणू माजला आणि तेथील लोक हैराण झाले.

जिवाणूंचे आकारावरून गट पाडण्याचे मोठे काम कोन यांनी १८७२ साली प्रसिद्ध केले. निळे-हिरवे शेवाळ आणि जिवाणू हे एकमेकांचे नातेवाईक आहेत, असेही त्यांचे मत होते. आज विज्ञान निळ्या-हिरव्या शेवाळाला जिवाणूच मानते. गंमत पाहा : पाण्याला मातीचा वास देणारा जिओस्मिन हा पदार्थ हे शेवाळही तयार करते आणि मातीतले काही जिवाणूही. या पदार्थाला नाव मिळाले ते १९६५ साली. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग जिओस्मिन असला, तरी आपल्या नाकाला तो कळतो. त्याने सहसा अपाय होत नाही; पण पाणी प्यावेसे वाटत नाही.

१८७२ सालीच ब्रेस्लाव विद्यापीठाने कोन यांना प्राध्यापकाचे पूर्ण पद दिले. हे तेच विद्यापीठ, जेथे त्यांना परीक्षेला बसता आले नव्हते. १८७६ साली रॉबर्ट कॉख नावाचे खेड्यातले एक तरुण डॉक्टर त्यांच्याकडे आले. अँथ्रॅक्स हा गुरांचा रोग जिवाणूमुळे होतो, असे त्यांचे म्हणणे होते. कॉख यांना तेव्हा कोणी ओळखत नव्हते. कोन यांनी त्यांचे प्रयोग नीट पाहिले आणि त्यांचा लेख आपल्या नियतकालिकात छापला.

२५ जून १८९८ रोजी ब्रेस्लावमध्येच कोन यांचे निधन झाले.