कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : हातच्या छंदाचा उद्योग

परमेश्वराने प्रत्येक मनुष्यास काही ना काही गुण देऊन या जगात पाठविले आहे. कोणास तीव्र स्मरणशक्ती लाभते, कोणास गोड गळा लाभतो, तर कोणाच्या बोटांतच असे काही कौशल्य असते की, बिघडलेले यंत्र त्यांच्या हाती येताच पुन्हा चालू लागते. पहिल्या दोन गुणांचे आपल्या समाजात कौतुक होते. तिसऱ्याचे मात्र क्वचितच. जुन्या मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर उघडून त्याची सूक्ष्म छिद्रे साफ करीत, हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण नीट जमेपर्यंत तासन् तास खपणारा मुलगा घरोघरी दिसतो. परंतु त्याच्या वाट्यास शाबासकीपेक्षा बोलणीच अधिक येतात. हात काळे करून कोणी मोठा झाला आहे काय, असा प्रश्न त्यास वडीलधारी माणसे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात स्वच्छ लिहिलेले आहे. ते उत्तर म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र होय.

लक्ष्मणरावांचा जन्म दि. 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मग्रामही हेच. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी असून घराण्यात विद्येस मोठा मान होता. अशा घरातील मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. परंतु लक्ष्मणरावांचे मन पुस्तकांत फारसे रमत नसे. चित्रे काढावी, आणि एखादे यंत्र दिसले की त्याचे अंतरंग न्याहाळावे, हेच त्यांचे खरे विश्व होते. सुदैवाने त्यांचे ज्येष्ठ बंधू रामूअण्णा यांनी धाकट्या भावाची ही ओढ ओळखली. त्यांच्या प्रोत्साहनाने व द्रव्यसाहाय्याने लक्ष्मणराव 1885 साली मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्या आशेवर अकस्मात पाणी पडले. त्यांच्या डोळ्यांत जन्मतःच काही रंगांचा भेद न कळण्याचा दोष आहे, असे आढळून आले. ज्यास रंग ओळखता येत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे? दुसरा कोणी असता, तर निराश होऊन घरी परतता. लक्ष्मणरावांनी मात्र एक दार बंद होताच दुसरे शोधले. रंग नसले तरी रेषा होत्या. यंत्रांच्या आकृती काढावयास रंगांची गरज नसते. तेथे लागते अचूक माप आणि स्थिर हात. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास पूर्ण केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक म्हणून त्यांस जागा मिळाली.

शिक्षकाचे काम वर्गापुरते असे. परंतु त्या संस्थेत तऱ्हेतऱ्हेची यंत्रे होती, आणि लक्ष्मणरावांचा फावला वेळ त्यांच्याच सहवासात जाऊ लागला. यंत्र सोडवावे, प्रत्येक भागाचे कार्य समजून घ्यावे, पुन्हा जुळवावे, असा त्यांचा क्रम चाले. इंजिनिअरची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. ती त्यांनी पुढेही कधी मिळविली नाही. त्यांचे गुरू म्हणजे यंत्रे, यांत्रिक विषयांवरील पुस्तके आणि स्वतःचे दोन हात.

याच सुमारास मुंबईत सायकल हे नवलाईचे वाहन दिसू लागले होते. ते पाहताच लक्ष्मणरावांचे कुतूहल जागे झाले. त्यांनी सायकल मिळविली, ती चालविण्यास शिकले, आणि तिची साखळी, चाके व छर्रे यांची रचना मुखोद्गत केली. इतरांच्या दृष्टीने हा केवळ छंद. परंतु यात एक धंदा दडलेला आहे, हे या दोघा भावांच्या ध्यानी आले. 1888 साली बेळगावास ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाने त्यांनी दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या, गिऱ्हाइकांस बसावयास शिकवावे, असा व्यवहार सुरू झाला. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तो रस्ता पुढे किर्लोस्कर रोड म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

मुंबईची नोकरी असेपर्यंत हा धंदा जोडधंदाच होता. तो सर्वस्वी पत्करण्याचा प्रसंग एका अन्यायातून आला. बढतीवर लक्ष्मणरावांचा हक्क असता ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास आले. दरमहा हाती येणारा निश्चित पगार सोडून, मिळेल न मिळेल अशा कमाईवर संसार उभा करावयाचा, ही गोष्ट आज वाचावयास सोपी वाटते. परंतु ज्या घरात त्या पगारावर चूल पेटते, त्या घरासच तिचे मोल ठाऊक. पत्नी राधाबाई यांची साथ आणि रामूअण्णांचा विश्वास या दोनच गोष्टी त्यांच्या पाठीशी होत्या.

बेळगावास आल्यावर एक गोष्ट त्यांस लवकरच उमगली. दुसऱ्याने केलेला माल विकून किंवा दुरुस्त करून पोट भरेल, पण मनाचे समाधान होणार नाही. आपल्या हातून काही नवे निपजले पाहिजे. मग ते कोणाच्या उपयोगी पडावे? भोवतालचा देश शेतकऱ्यांचा. तेव्हा शेतकऱ्याचे कष्ट ज्याने हलके होतील, तेच करावयाचे, असे त्यांनी ठरविले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले, आणि नंतर हाती घेतला लोखंडी नांगर.

आपल्याकडील लाकडी नांगर गावचा सुतार घडवी आणि लोहार त्यास फाळ बसवी. तो जमीन उकरी, परंतु उलटी करीत नसे. काळ्या भारी जमिनीत खोलवर गेलेल्या हरळीच्या आणि कुंद्याच्या मुळांना त्याचा धक्काही लागत नसे. लोखंडी नांगराचा फाळ जमीन खोल कापतो आणि त्यावरील वाकडा पत्रा ती माती कुशीवर पालथी घालतो. त्यामुळे तण उपटते, खालची माती उन्हात तापते व पावसाचे पाणी आत मुरते. गुण तर उघड होता. तरीही शेतकरी तो नांगर विकत घेईना. लोखंडाने जमिनीस विष चढते, असा समज रूढ होता. वाडवडिलांनी जे केले नाही ते करून काळ्या आईचा कोप ओढवून घ्यावयास कोण तयार होणार? पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली!

विद्यार्थी मित्रहो, या दोन वर्षांचा क्षणभर विचार करा. नोकरी सोडलेली, भांडवल लोखंडात अडकलेले, आणि तयार माल दारात गंजत पडलेला. लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील खरी परीक्षा हीच होती. छंद असणे सोपे असते, कारण छंदात आपण केवळ स्वतःस प्रसन्न करावयाचे असते. धंद्यात मात्र दुसऱ्याची खात्री पटवावी लागते, आणि ती पटेपर्यंत धीर धरावा लागतो. शेतकऱ्यास अडाणी म्हणून त्यांनी नावे ठेविली नाहीत. ज्याची साऱ्या वर्षाची भाकरी एका नांगरटीवर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूविषयी साशंक असावे, हे स्वाभाविकच होय. शंका शब्दांनी फिटत नाही. ती नांगरलेल्या रानातील पीक पाहूनच फिटते. हळूहळू तसे झाले आणि मागणी वाढू लागली.

इतक्यात दुसरे संकट ओढवले. बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागा सोडणे भाग पडले. यंत्रे उचलून न्यावयाची कोठे? त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्यांच्या साहाय्यास धावून आले. कवठे येमाईच्या वाचकांस येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या गावाच्या नावात जिचे नाव गुंफलेले आहे, तीच देवी औंधच्या डोंगरावर यमाई या नावाने पूजिली जाते, आणि पंतप्रतिनिधींच्या घराण्याची ती कुलस्वामिनी. बाळासाहेब स्वतः चित्रकार व कलांचे भोक्ते होते. हातात कला असलेल्या माणसाची किंमत त्यांस कळली. त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज दिले आणि संस्थानच्या मुलखात, कुंडल रोड या आगगाडीच्या स्टेशनाजवळ, बत्तीस एकर माळजमीन देऊ केली.

ती जमीन कशी होती? निवडुंगाने माजलेली आणि सापांनी भरलेली. पाण्याची वानवा, सावलीस झाड नाही. 1910 साली लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे यांसह तेथे उतरले. निवडुंग तोडला, छपरे उभारली, भट्टी पेटविली. पाहता पाहता त्या ओसाड माळावर कारखान्याभोवती एक टुमदार वसाहत उभी राहिली. तीच आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी. स्टेशनाचे नावही पुढे तेच झाले.

या वाडीची खरी थोरवी तिच्या माणसांत होती. लक्ष्मणराव पदवीचा कागद पाहून माणूस पारखीत नसत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या कारखान्यात कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. शंभुराव जांभेकर आणि मंगेशराव रेगे यांसारखे सहकारी आपापल्या कामात निष्णात ठरले. त्या काळी गावोगाव अस्पृश्यतेचा कलंक होता. वाडीत मात्र तिला थारा नव्हता. इतकेच नव्हे, तर तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. ज्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, त्याच्यावर विश्वास ठेविला असता तो मनुष्य बदलतो, हे त्यांनी उपदेशाने नव्हे, तर व्यवहाराने दाखवून दिले.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले. लोखंड, कोळसा, रंग, सर्वच दुर्मिळ झाले. बाहेरून माल येईना, तेव्हा जवळ मिळेल त्या वस्तूंतून पर्याय शोधून त्यांनी कारखाना चालू ठेविला. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीची रीतसर स्थापना झाली. त्याच वर्षी त्यांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. नांगराच्या कारखान्यातून निघालेले ते मासिक पुढे मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचले, आणि 1930 साली त्यास ‘स्त्री’ या मासिकाची जोड मिळाली.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयात शिकून 1926 साली पदवीधर झाले. जी विद्या पित्याने यंत्रे उघडून एकट्याने मिळविली, ती पुत्राने जगातील श्रेष्ठ विद्यापीठात संपादन केली. नांगराच्या जोडीस पाणी उपसण्याचे पंप आले. हरिहर येथे यांत्रिक लेथचा कारखाना निघाला. 1946 साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगळुरास विजेच्या मोटारींचा असे दोन उद्योग स्थापन झाले. हा विस्तार डोळ्यांनी पाहून दि. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. 1969 साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? हौस असली की धंदा आपोआप होतो, असा धडा कोणी घेऊ नये. तो घातक ठरेल. लक्ष्मणरावांच्या हौशीस तीन गोष्टींची जोड होती. त्यांनी आपले काम मुळापासून शिकून घेतले. ते काम लोकांच्या खऱ्या गरजेस जोडले. आणि फळ येईपर्यंत हाल सोसून वाट पाहिली. यांतील एक जरी गोष्ट नसती, तर बेळगावातील ते दुकान आज कोणाच्या आठवणीतही उरले नसते. आजही जुन्या मोटारींचे कार्ब्युरेटर नव्याने बांधून देण्याचे काम कोणी तरुण करू म्हणेल, तर त्यासही हीच कसोटी लागू आहे. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर राहिला नाही, म्हणूनच तो जाणणारा हात दुर्मिळ झाला. परंतु त्या हातास पुरेसे गिऱ्हाईक मिळेल काय, याचा हिशेब आधी केला पाहिजे.

आपल्या शिरूर तालुक्यास ही विचारसरणी परकी नाही. अमेरिकन मराठी मिशनने शिरूर येथे एकोणिसाव्या शतकातच उद्योगशाळा चालविली होती, आणि आता रांजणगावास मोठमोठे कारखाने उभे आहेत. तेव्हा पालकवर्गास नम्र विनंती एवढीच की, आपल्या मुलाचे हात काळे झालेले दिसले तर रागावण्यापूर्वी त्याने काय दुरुस्त केले, हे विचारावे. रामूअण्णांनी तेवढेच केले होते. धनी परदेशी गेला असता त्याने सोपविलेले धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा प्रभूने सांगितलेला दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. आपल्या मुलांस मिळालेली देणगी अशी पुरली जाऊ नये. लक्ष्मणरावांनी आपली देणगी जमिनीत घातली खरी, पण ती पुरण्यासाठी नव्हे. नांगराच्या फाळाने ती जमीन उलथून, तीतून हजारो शेतकऱ्यांचे पीक काढण्यासाठी!