कच्च्या मडक्यापासून पायरीपर्यंत

पहिली नोकरी लागते तेव्हा घरचे पेढे वाटतात. महिनाभर काम शिकण्यात जातो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. भर मीटिंगमध्ये कुणीतरी आपली चूक काढतं आणि कानशिलं तापतात. शेजारच्या टेबलावरच्या पोरीनं केलेलं काम साहेब आपल्या नावावर धरतात आणि आपण गप्प बसतो. रोजंदारीवरचा माणूस कामावर जखमी होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस उभा असतो. अशा वेळी काय करायचं, हे नेमणुकीच्या पत्रात लिहिलेलं नसतं.

या तिन्ही प्रसंगांतून गेलेला एक माणूस आपल्याच जिल्ह्यातला आहे. नाव तुम्हाला पाठ आहे: नामदेव. नरसीला आपण दर्शनाला जातो, कयाधूच्या काठी हात-पाय धुतो, प्रसाद घेऊन परत येतो. आज मात्र हात जोडण्याआधी जरा वेगळ्या नजरेनं बघू. चार माणसांत राहून काम करणारा माणूस म्हणून हा नामा कसा वागला?

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म १२७० सालचा. वडील दामाशेटी, आई गोणाई. घरचा धंदा शिंप्याचा. कुटुंब पुढे पंढरपुरात राहिलं. आधीच एक कबूल करून टाकू. दुकान सांभाळणारा गुणी मुलगा म्हणून नामदेवांचं नाव कुणी घेणार नाही. धंद्यात त्यांचं मन कधीच लागलं नाही. आई आणि बायको राजाई यांच्या तक्रारींचे अभंग त्यांच्या गाथेतच आहेत. घरात खायला काय, हा प्रश्न त्या दोघी विचारत राहिल्या आणि तो प्रश्न खोटा नव्हता. म्हणजे आपण कुणा बिनचूक माणसाची गोष्ट ऐकत नाही आहोत. आणि ते बरंच आहे.

थापटणं डोक्यावर बसतं तेव्हा

पहिला प्रसंग तरुणपणातला. विठ्ठलाचा लाडका म्हणून नामदेवांचा तेव्हा बोलबाला होता. ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांबरोबर संतमंडळी एकदा तेरला गोरोबाकाकांच्या घरी जमली. गोरोबा कुंभार. कथा अशी सांगतात, की मुक्ताबाईनं त्यांना जमलेल्यांपैकी कोणतं मडकं भाजलंय आणि कोणतं कच्चं, हे तपासायला सांगितलं. काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे शांत बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला, की हे मडकं कच्चं आहे.

सगळ्यांत नावाजलेल्या माणसाला, सगळ्यांसमोर, एका कुंभारानं नापास केलं. राग आला, वाईट वाटलं, ते तक्रार घेऊन थेट विठ्ठलाकडे गेले. इथपर्यंत ते तुमच्या-आमच्यासारखेच वागले. साहेबांचा खास माणूस तक्रार घेऊन केबिनमध्येच जातो ना, तसं. पण विठ्ठलानंही गोरोबांचाच निकाल कायम ठेवला आणि गुरू करायला सांगितलं. आता दोन वाटा होत्या. आपला मान मोठा म्हणून गोरोबांना खोटं ठरवायचं, नाहीतर चूक मान्य करून शिकायला निघायचं. नामदेव निघाले.

ही वाट आपल्या औंढ्याला येते. नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसले. नामदेवांनी हटकलं. म्हाताऱ्यानं सांगितलं, की जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. पाय जिथं ठेवावेत तिथं पिंड, अशी ती कथा. चमत्कार मानायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण आपल्याला सगळं कळतं असं मानून दुसऱ्याला नियम शिकवायला गेलेला तरुण तिथं थांबला, आणि ज्याला हटकलं त्यालाच त्यानं गुरू केलं, एवढं तर त्यात आहेच. कामाच्या ठिकाणी याहून अवघड काम क्वचित असतं.

काम जिचं, नाव तिचं

दुसरा प्रसंग घरातला. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच दामाशेटींच्या घरी कामाला आली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी सगळं तिच्याकडे. हे करता करता ती अभंग रचत होती. मालकाचा मुलगा मोठा कवी, कीर्तनकार, आणि ही मोलकरीण. तिची रचना त्याच्या नावात मुरून गेली असती तर त्या काळात कुणी चौकशीही केली नसती. तसं झालं नाही. जनीचे शेकडो अभंग जनीच्याच नावानं आज गायले जातात.

ती स्वतःला शेवटपर्यंत नामदेवांची दासीच म्हणवत राहिली. जातं तिच्याच हातात राहिलं, हेही खरं. सगळं बदललं असं म्हणायला नको. पण ज्या घरात तिचा आवाज सहज दाबता आला असता, त्या घरातून तो बाहेर आला. पुढच्या वेळी सहकाऱ्याच्या फाइलवर आपलं नाव पडेल, तेव्हा जनी आठवून बघा.

भिंत कोसळली त्यानंतर

तिसरा प्रसंग सगळ्यांत कठीण. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. नामदेव पुढे उत्तरेत गेले. पंजाबात घुमान गावी त्यांचं मोठं वास्तव्य झालं. तिथल्या लोकांत ते इतके मिसळले, की त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, ते याच नात्यामुळे.

पण ही गोष्ट मंगळवेढ्याची आहे. तिथं गावकुसाच्या बांधकामावर महार मजुरांना लावलं होतं. त्यांत चोखोबा होते, नामदेवांना गुरू मानणारे, अभंग रचणारे, आणि ज्यांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती ते. १३३८ साली ती भिंत कोसळली. मजूर खाली गाडले गेले, चोखोबाही गेले.

विचार करा. मेलेले सगळे मजूर आणि गावाच्या लेखी अस्पृश्य. काम थांबलं नसतं, कुणी विचारलंही नसतं. त्या वेळी नामदेवांचं वय परंपरेच्या हिशेबानं ६८ वर्षं. कीर्ती झालेली, मान मिळालेला. घरी बसून हळहळले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. ते मंगळवेढ्याला गेले आणि त्या ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधल्या. कथा म्हणते, हाडं कानाला लावून पाहिली आणि ज्यांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती उचलली. त्या अस्थी पंढरपुरात आणून महाद्वारासमोर समाधी बांधली.

दाराबाहेरच. आत नेणं त्यांनाही जमलं नाही. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षांवर काळ गेला. तरीही जे हातात होतं ते नामदेवांनी केलं. बेनाव मरणाऱ्या मजुराला नाव दिलं, आणि ते अशा जागी ठेवलं, की आत जाणाऱ्या प्रत्येकाला दिसावं.

मजूर आजही भिंतीखाली जातात, गटारात उतरून गुदमरतात. हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला, तरी बातम्या येतात. तुम्ही उद्या इंजिनिअर, ठेकेदार, ग्रामसेवक किंवा साधे सुपरवायझर व्हाल. भिंत तुमच्या सहीनं उभी राहील. तिच्याखाली कोण काम करतंय, त्याचं नाव तुम्हाला माहीत असेल का?

नामदेव १३५० साली गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारात, पायरीपाशी. समोर चोखोबा. ज्यांच्यासाठी दार बंद होतं, त्यांच्याच बाजूला त्यांनी शेवटची जागा घेतली.

पुढच्या एकादशीला नरसीला जाल, तेव्हा नारळ फोडाच. पण परतताना मनात स्वतःच्या डोक्यावर एकदा थापटणं मारून बघा. आवाज कसा येतो, ते तुमचं तुम्हालाच कळेल.