वहीत चिकटवलेला पतंग

तळोद्याच्या बाजारात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत गर्दीच्या दिवसांत शेतकरी, विद्यार्थी, बचत गटाच्या महिला असे सगळेच ताटकळत असतात. आतला मुलगा कधी सर्व्हर डाउन असल्याचं सांगतो, कधी सिस्टीम हँग झाल्याचं, तर कधी ॲपमध्येच बग असल्याचं. पहिल्या दोन शब्दांचा अर्थ लोकांना अनुभवाने कळला आहे : आज काम होणार नाही. तिसरा शब्द मात्र गमतीचा आहे. इंग्रजीत बग म्हणजे किडा. कापूस पिकवणाऱ्या या भागात कीड म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. गुलाबी बोंडअळीचे पतंग पकडायला शेतात कामगंध सापळे लावावे लागतात. पण संगणकात किडा शिरतो कसा?

एकदा तो खरोखरच शिरला होता. तारीख ९ सप्टेंबर १९४७. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचं खोलीभर पसरलेलं गणनयंत्र सुरू होतं. त्यात आजच्यासारख्या चिप नव्हत्या, रिले होते. रिले म्हणजे विजेच्या जोरावर उघडझाप करणारी खटकी. दुपारी पावणेचारच्या सुमारास यंत्र चुकू लागलं म्हणून शोध घेतला, तर सत्तर क्रमांकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. कर्मचाऱ्यांनी तो काढून कामकाजाच्या वहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली नोंद केली, की खराखुरा किडा सापडण्याची ही पहिलीच वेळ.

ही गोष्ट जगभर ग्रेस हॉपर यांच्या नावावर खपते. ती अर्धीच खरी आहे. हॉपर त्या गटात होत्या आणि पुढे व्याख्यानांतून त्यांनी हा किस्सा रंगवून रंगवून सांगितला. पण पतंग त्यांनी स्वतः पकडलेला नव्हता. बग हा शब्दही त्यांनी घडवलेला नाही. थॉमस एडिसन यांनी १८७८ मधल्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक दोषांसाठी तो वापरला होता. वहीतल्या नोंदीतला विनोदच सांगतो, की शब्द आधीपासून रुळलेला होता. नाही तर खराखुरा किडा सापडला यात हसण्यासारखं काय होतं? हॉपर यांचं श्रेय वेगळं आहे, आणि ते या पतंगाहून पुष्कळ मोठं आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६ चा. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं हे पाहण्यासाठी त्यांनी घरातली सात घड्याळं खोलून ठेवली. आईने रागावण्याऐवजी एकच घड्याळ खोलायची मुभा ठेवली. व्हासार कॉलेजातून १९२८ मध्ये पदवी आणि येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात डॉक्टरेट. दरम्यान व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि व्हासारमध्ये अध्यापनही सुरू झालं.

दुसरं महायुद्ध आलं नसतं तर त्या प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या असत्या. नौदलात जायचं ठरवलं तेव्हा वय जास्त आणि वजन कमी भरलं, किमान मर्यादेपेक्षा सुमारे सात किलो कमी. खास सवलत मिळवून त्या १९४३ अखेर भरती झाल्या, प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि १९४४ च्या उन्हाळ्यात हार्वर्डच्या मार्क वन या यंत्रापुढे उभ्या राहिल्या. हे यंत्र साधारण साडेपंधरा मीटर लांब होतं. सेकंदाला तीन बेरजा करायचं. आज खिशातला सर्वांत स्वस्त मोबाइलसुद्धा त्याला लाजवेल, पण युद्धकाळात ते रात्रंदिवस चालवलं जाई. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. कोणतं भोक कुठे पाडायचं हे मोजक्याच माणसांना कळे. हॉपर यांनी या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची मार्गदर्शिका लिहून काढली.

याच काळात एक गोष्ट त्यांना खटकत राहिली. मुरलेले जाणकारही पट्टीवरची सूचना एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना चुकत. मग ज्यांना हिशेब करायचा आहे, पण गणिती चिन्हांची धास्ती आहे, अशा कारकुनाने, व्यापाऱ्याने काय करायचं? सगळं ज्ञान मूठभर लोकांच्या सांकेतिक भाषेत अडकून पडलं होतं.

युद्ध संपलं, घटस्फोट झाला आणि हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. त्या दिवसांत त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या, आणि त्यातून बाहेर पडायला मित्रांना मध्ये पडावं लागलं. चरित्रांमध्ये हा भाग अनेकदा घाईने उरकला जातो. पण त्यांचं सर्वांत महत्त्वाचं काम यानंतरचं आहे.

फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कंपनीत त्या १९४९ मध्ये रुजू झाल्या. तिथे त्यांनी असा प्रोग्रॅम तयार केला, जो तयार सूचनांच्या संग्रहातून हवे ते तुकडे निवडून आपणच जुळवायचा. त्याला त्यांनी कंपायलर म्हटलं, म्हणजे संकलन करणारा. आज संगणकशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी हा शब्द घोकतो. त्या वेळी मात्र संगणक फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम लिहिणं त्याला जमणार नाही, असंच बहुतेकांचं मत होतं. प्रोग्रॅम चालू अवस्थेत समोर असतानाही लोक विश्वास ठेवायला तयार नव्हते.

पुढची पायरी त्याहून धाडसी होती. चिन्हांऐवजी सरळ इंग्रजी शब्दांत आज्ञा द्यायच्या. वजा कर, लिही, थांब अशा. हे पटवून देण्यासाठी त्यांनी वरिष्ठांपुढे एक छोटा प्रोग्रॅम ठेवला, आणि तोच फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवला. त्यांच्या दृष्टीने यात नवल काहीच नव्हतं. यंत्राला इंग्रजीही कळत नाही आणि जर्मनही. प्रत्येक शब्दासाठी एक खूण ठरलेली असते, शब्द बदलला तरी खूण तीच. वरिष्ठ मात्र हादरले. अमेरिकेत बनलेलं यंत्र फ्रेंच किंवा जर्मन समजूच कसं शकेल! त्यानंतर केवळ इंग्रजी आज्ञांचंच आश्वासन देत त्यांना प्रकल्प पुढे रेटावा लागला. बैठकीतल्या त्या मंडळींना जरा कल्पनाशक्ती असती, तर अनेक भाषांत आज्ञा घेणारी यंत्रं तेव्हापासूनच घडू लागली असती. तांत्रिक अडचण नव्हती, हे त्याच दिवशी सिद्ध झालं होतं.

या कामातून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली, आणि १९५९ मध्ये एका समितीने तिच्या पायावर कोबोल उभारली. कोबोल एकट्या हॉपर यांची नव्हे. जीन सॅमेट यांच्यासारख्या इतरांचा त्यात मोठा वाटा आहे. बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांचे हिशेब दशकानुदशकं याच भाषेत चालले. त्या प्रोग्रॅममध्ये जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची सवय पडली होती. ती १९९० च्या दशकाअखेर अंगाशी आली, आणि वायटूके हा आणखी एक परवलीचा शब्द मराठी घरांतही पोहोचला. मुंबई-पुण्याच्या कितीतरी तरुणांना त्या दुरुस्तीच्या कामानेच पहिली नोकरी दिली.

अवघड शब्द हातात देण्याची हॉपर यांची एक युक्ती होती. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, एवढं सांगून कोणाच्या डोक्यात काही उतरत नाही. त्या श्रोत्यांना सुमारे तीस सेंटिमीटर लांबीची तार वाटत. एवढ्या वेळात वीज जास्तीत जास्त इतकंच अंतर जाऊ शकते. उपग्रहामार्फत निरोप पोहोचायला उशीर का होतो, असं एखादा सेनाधिकारी विचारी, तेव्हा इथून उपग्रहापर्यंत अशा किती तारा लागतील, हे त्या दाखवत.

नौदलाने त्यांना १९६६ अखेर निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने १९८६ पर्यंत लांबले. अखेर निवृत्त झाल्या तेव्हा त्या रिअर ॲडमिरल होत्या आणि वय होतं एकोणऐंशी. त्यानंतरही एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून काम चालूच होतं. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांचे शब्द सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचले ते इंग्रजीतच. पण इथे कुणी ते जसेच्या तसे ठेवलेले नाहीत. अहिराणी, भिली, गुजरी घरी बोलणारी मुलं एमएस-सीआयटीच्या वर्गात येतात आणि फॉर्मॅट मारतात, फाइल डाउनलोडला टाकतात, अडलं की रिस्टार्ट मारून बघतात.

अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेला हॉपर यांचं नाव आहे. तिचा क्रमांक सत्तर, म्हणजे त्या रिलेचाच. अर्थात हा निव्वळ योगायोग. पतंग चिकटवलेली वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे, आणि चिकटपट्टीखाली तो अजूनही आहे.